बारा हजारांचा सरंजाम

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही चौघं सिल्वासाला गेलो होतो. (मूळ बेत दमणचा होता. तो का बदलला हे इथे लिहिलं तर चौघांपैकी एकाच्या घरी भांडण होईल, तेव्हा असो.) वापीला हायवे सोडला की थोड्याच वेळात केंद्रशासित प्रदेश सुरू होतो. हे दादरा. जरा पुढे गेलं की परत गुजरात. अजून जरा पुढे गेलं की परत केंद्रशासित प्रदेश, म्हणजे नगर हवेली. मागच्या सीटवरून प्रश्न आला, "हा नकाशा काढणाऱ्याने काय घेतली होती?"

उत्तर असं की हा नकाशा कोणी काढलेलाच नाही. तो होत गेला. सुरुवात पेशव्यांच्या एका तहाने झाली. आणि आपण भजी खात ज्या रस्त्याने अर्ध्या तासात जातो, त्या मुलखातून जायचा हक्क कोणाला आहे यावर नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर, सव्वाचार वर्षं खटला चालला होता. त्यात पोर्तुगाल वादी, भारत प्रतिवादी. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा कोणालाच पटेना. "दादरा-नगर हवेलीवरून वर्ल्ड कोर्टात केस? काहीतरीच काय!"

मला हे माहीत होतं त्याचं कारण जरा वेगळं आहे. २०२२ साली आमच्या प्रोजेक्टवर युक्रेनमधल्या खारकीवचा एक टेस्टर होता. अत्यंत चिकट माणूस, एकदा बग पकडला की सोडायचा नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा तो बायको-पोरीला घेऊन ल्विवला नातेवाइकांकडे गेला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून लॉगिन करायला लागला. २ मार्चला युनोच्या आमसभेत रशियाच्या विरोधात ठराव आला. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. तटस्थांमध्ये भारत. दुसऱ्या दिवशी कॉल संपल्यावर बाकीचे गेले, तो थांबला आणि शांतपणे विचारलं, "तुमचा देश गप्प का?"

आता यावर मी काय सांगणार? तेल, शस्त्रं, चीन, पाकिस्तान, पन्नास वर्षांची मैत्री वगैरे वगैरे. मी आपला सगळ्यात सोपा मार्ग धरला. म्हटलं, अरे हे ठराव-बिराव सगळं कागदावरचं असतं, आंतरराष्ट्रीय कायद्याला विचारतो कोण? आमच्याकडे म्हणतातच, बळी तो कान पिळी. तो म्हणाला, "कागद तरी आहे. आमच्याकडे दुसरं काय आहे?"

पुढे १६ मार्चला हेगच्या त्याच कोर्टाने रशियाला लष्करी कारवाई थांबवायचा अंतरिम आदेश दिला, १३ विरुद्ध २ मतांनी. भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांचं मत बहुमताच्या बाजूने होतं. म्हणजे देश तटस्थ आणि देशाचा न्यायाधीश विरोधात! रशियाने आदेशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे सांगायला नकोच. पण त्या रात्री मी कोर्टाचे जुने निकाल चाळत बसलो आणि भारताचं नाव शोधता शोधता एका निकालात मला चक्क "सरंजाम" हा शब्द भेटला. फ्रेंच आणि इंग्रजीच्या त्या रुक्ष जंगलात एकदम आपला माणूस दिसावा तसं झालं. आणि तिथून मी अडकलो.

तर झालं असं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची सद्दी संपली, त्यांच्याकडे दमण-दीव तेवढं उरलं. नंतर १७७२ मध्ये मराठी आरमाराने सांताना नावाचं एक पोर्तुगीज जहाज पकडलं. त्याच्या भरपाईचं गुऱ्हाळ पुण्याच्या दरबारात बरीच वर्षं चाललं. पोर्तुगीजांचा पुण्यातला वकील होता धुमे आडनावाचा एक गोमंतकीय हिंदू. तोवर इंग्रजांशी युद्ध पेटलं होतं, बारभाई राघोबादादांच्या भानगडीत गुंतले होते, गादीवरचा पेशवा सवाई माधवराव पाच वर्षांचा होता आणि कारभार नाना फडणिसांच्या हातात होता. अशा वेळी दमणच्या पोर्तुगीजांनी इंग्रजांना मिळू नये ही निकड. मग १७ डिसेंबर १७७९ ला तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात ठरलं की दमणजवळच्या काही गावांचा वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा महसूल पोर्तुगीजांना द्यायचा. गावं प्रत्यक्ष दिली ती १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी. आधी नगर हवेली, मग दादरा.

आता बारा हजारांचा महसूल देणं वेगळं आणि गाव देऊन टाकणं वेगळं, हे पेशवाईतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सरंजाम म्हणजे उत्पन्न खायचा हक्क. मालकी सरकारची. पण पुढे १८१८ मध्ये ते सरकारच बुडालं. इंग्रज आले, त्यांनी पाहिलं की या गावांत पोर्तुगीज ठाण मांडून आहेत, फौजदारी-दिवाणी सगळं तेच बघतात. इंग्रज म्हणाले, असू दे. (तुमच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाचा भाडेकरू राहतोय आणि तुम्ही सव्वाशे वर्षं काहीच बोलला नाहीत, तर सोसायटी काय म्हणेल?) १९४७ ला इंग्रज गेले. आणि बारा हजार रुपयांचा सरंजाम आता "पोर्तुगालचा सागरापारचा प्रांत" झालेला होता.

हा "प्रांत" शब्दसुद्धा मोठा गमतीदार आहे. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. युनोच्या सनदेप्रमाणे वसाहती असलेल्या देशांनी तिथल्या लोकांना स्वराज्याकडे न्यायचं आणि तिथली माहिती युनोला कळवायची, असं बंधन होतं. सालाझारने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींचं नावच बदललं. वसाहत नाही, प्रांत. झालं, बंधन लागू नाही! आम्ही कोडमध्ये व्हेरिएबलचं नाव बदलतो आणि मॅनेजरला सांगतो की बग गेला, त्यातलाच प्रकार.

यानंतरचा भाग बऱ्याच मराठी घरांमध्ये ऐकून माहीत असतो. १९५४ च्या जुलैमध्ये फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतलं, तिथला पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारियो त्यात मारला गेला. मग नरोली. २ ऑगस्टला सिल्वासा. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. गीतरामायणाचा संगीतकार सीमा ओलांडून सशस्त्र मोहिमेवर जातो, हे आजच्या काळात कल्पनेतही बसत नाही. माझे आजोबा हे सांगताना दर वेळी "आपले बाबूजी" म्हणायचे, जणू ते आमच्याच वाड्यात राहायला होते.

आजोबा जे सांगायचे नाहीत ते मला निकालात वाचायला मिळालं. दमण समुद्रावर, दादरा-नगर हवेली आत, मध्ये भारताचा पट्टा. उठाव झाल्यावर पोर्तुगीजांना दमणहून कुमक पाठवायची होती. भारताने रस्ता बंद केला. ना सैनिक, ना अधिकारी. आम्ही काही केलं नाही, आम्ही फक्त गेट उघडलं नाही! स्वयंसेवक भारताच्या भूमीवरूनच आत गेले होते, पण भारत सरकारचं म्हणणं असं की तो तिथल्या जनतेचा उठाव आहे, आमचा काही संबंध नाही.

पोर्तुगालने मग कायद्याचा रस्ता धरला, आणि तो ज्या चपळाईने धरला त्याला दाद द्यायला हवी. पोर्तुगाल तोवर युनोचा सदस्यच नव्हता. रशिया अडवत होता. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिका आणि रशियाची देवाणघेवाण झाली, तुमचे इतके घ्या, आमचे इतके घ्या, आणि १४ डिसेंबरला एकदम सोळा देश आत आले. त्यात पोर्तुगाल. १९ तारखेला पोर्तुगालने हेगच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं. २२ तारखेला भारतावर खटला! भारताने ते अधिकारक्षेत्र आधीच मान्य केलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये कोर्टाने चार फेटाळल्या आणि दोन मुख्य सुनावणीत ऐकू म्हणून सांगितलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो. देशातल्या कोर्टात तुमच्यावर खटला झाला तर जावंच लागतं, नाहीतर वॉरंट निघतं. हेगच्या कोर्टात तुम्ही आधी "मी येईन" असं म्हटलेलं असेल तरच तुमच्यावर खटला चालतो. इंटरनेटचे प्रोटोकॉल जसे असतात ना, पाळायची सक्ती कोणावर नाही, पण नाही पाळले तर बाकीच्यांशी बोलता येत नाही, साधारण तसं. फरक इतकाच की इंटरनेटवर प्रोटोकॉल मोडला तर तुमचंच पॅकेट हरवतं. इथे दुसऱ्याचं शहर जातं.

खटल्यात भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. खंडपीठावर भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला. (दोन्ही पक्षांना आपला एकेक न्यायाधीश बसवता येतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण तशी पद्धत आहे.) आणि मग पंधरा न्यायाधीशांसमोर १७७९ च्या तहाच्या सतराव्या कलमाचे मराठी आणि पोर्तुगीज पाठ, त्यांची भाषांतरं, सनदांमधले शब्द यांचा कीस निघाला. पेशवे दफ्तरातल्या कुठल्या तरी कारकुनाने बोरूने लिहिलेलं वाक्य, आणि त्यावर पोलंड, इजिप्त, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिनाचे न्यायाधीश विचार करतायत की बाबा यात नेमकं काय दिलंय.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नाही, हे कोर्टाने स्वच्छ मान्य केलं. अशा देणगीचा अर्थ मुलूख तोडून देणं असा लावल्याचं एकही उदाहरण आमच्यासमोर आलेलं नाही, असंही म्हटलं. इथे माझ्यातला पुणेकर खूश! पण पुढच्याच परिच्छेदात कोर्ट म्हणतं की नंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, भारताने तीच परिस्थिती वारशात घेतली, आणि सव्वाशे वर्षं माणसं आणि माल बिनदिक्कत जा-ये करत होते, तेव्हा दोन देशांपुरती का होईना ती रूढी झाली. म्हणून १९५४ मध्ये पोर्तुगालला खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता. ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता. ८ विरुद्ध ७, एका मताने! आणि भारताने वाट अडवली ती तणावाची परिस्थिती बघता आपल्या अधिकारात अडवली, त्यामुळे भारताने कर्तव्य मोडलं नाही. ९ विरुद्ध ६.

म्हणजे दोघांनाही घरी जाऊन पेढे वाटता येतील असा निकाल. पोर्तुगालला हक्क मिळाला, पण जिथे जायचा हक्क मिळाला तिथे पोर्तुगाल उरलाच नव्हता. सिल्वासात सहा वर्षं "मुक्त दादरा आणि नगर हवेली"चा कारभार चालू होता, वरिष्ठ पंचायत वगैरे. विद्यार्थी आजही हा खटला दोन देशांमधल्या स्थानिक रूढीचं उदाहरण म्हणून शिकतात. सिल्वासाच्या रस्त्यावर त्या निकालाने एक दगडही इकडचा तिकडे झाला नाही.

तरीसुद्धा भारताने खटला चालू असेपर्यंत तो प्रदेश कागदोपत्री आपल्यात घेतला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सात वर्षं थांबला. १२ जून १९६१ ला पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. पण करार करायचा तर समोर सही करायला कोणीतरी हवं, आणि तेही पंतप्रधान नेहरूंच्या बरोबरीचं! मग के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं मुक्त दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान केलं गेलं. त्यांनी नेहरूंबरोबर करारावर सही केली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, तो भारताचा भाग झाला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. आपल्याकडे सातबारा नावावर करताना तलाठी जेवढं काटेकोर वागत नाही तेवढं हे.

हसू फार टिकलं नाही, ते का ते पुढे सांगतो. आधी गोवा.

गोव्यात नि:शस्त्र मार्ग पुरेपूर वापरून झाला होता. १९४६ मध्ये लोहिया, १९५५ मध्ये ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही सीमेवर गेले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. त्या मेलेल्या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याने काय केलं? काही नाही. पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता. अमेरिकेच्या विमानांना अटलांटिकमध्ये उतरायला ॲझोर्स बेटांवरचा तळ लागत होता आणि त्याचा करार १९६२ अखेर संपणार होता. सालाझारला नाराज करणं कोणाला परवडणार? १९५५ मध्ये तर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त पत्रकात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणून टाकलं. त्याच सुमाराला ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन बरोबर उलटं बोलून गेले. गोवा कोणाचा हा प्रश्न गोव्याचा उरलाच नव्हता.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र घडली, आणि ती बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १९६० च्या डिसेंबरात, म्हणजे हेगच्या निकालानंतर आठच महिन्यांत, आमसभेने वसाहती संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या वसाहतींची यादी ठरावात घातली आणि तीत गोव्याचं नाव होतं. सालाझारने बदललेलं व्हेरिएबलचं नाव युनोने परत बदललं! नव्याने स्वतंत्र झालेले आफ्रिकेतले देश तेव्हा भराभर सदस्य होत होते, मतं बदलली होती, म्हणून कायदा बदलला. पण या जाहीरनाम्यात "म्हणून शेजाऱ्याने सैन्य घुसवावं" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. युनोच्या सनदेत बळाचा वापर करू नये हे लिहिलेलं होतं, आणि त्यावर भारताची सही होती.

१७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य निघालं. (१७ डिसेंबर! पेशव्यांच्या तहाला बरोबर १८२ वर्षं. योगायोगच, पण मला आवडला.) १९ तारखेला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणपत्रावर सही केली. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून आदेश दिला होता, या गृहस्थांनी तो मानला नाही, आणि त्यामुळे पणजी शाबूत राहिली. बदल्यात पोर्तुगालने त्यांना लष्करातून हाकललं. या सगळ्या कथेत मला मनापासून आवडणारा माणूस कोण विचाराल तर हा.

१८ तारखेला सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणाले की आज आपण या संघटनेच्या मृत्यूची सुरुवात बघतोय. भाषण प्रभावी होतं. पण आठच महिने आधी, एप्रिल १९६१ मध्ये, याच स्टीव्हन्सननी क्युबावरच्या हल्ल्यात अमेरिकेचा हात नाही असं युनोमध्ये सांगितलं होतं. त्यांच्याच सरकारने त्यांना अंधारात ठेवलं होतं. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी सांगितलं की वसाहतवाद संपवणं ही आमची श्रद्धा आहे, सनद असो वा नसो. हे वाक्य ज्या देशाचा पंतप्रधान जगाला पंचशील शिकवत होता त्या देशाचं आहे. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव मताला आला. ११ पैकी ७ बाजूने, ४ विरोधात. सात मतं म्हणजे पास. पण चारात एक रशिया. व्हेटो. विषय संपला.

आता माझी अडचण ऐका. गोवा मुक्त झाला याचा मला आनंद आहे, त्यात अर्धा टक्काही किंतु नाही. हुकूमशहाची साडेचारशे वर्षांची वसाहत, जिथे निवडणूक नाही आणि बोलायची मुभा नाही, ती गेली हे उत्तमच झालं. पण ती कायद्याने गेली असं मला म्हणता येत नाही. कायदा दुबळा होता, म्हणून ती गेली. आम्ही बळी होतो आणि आम्ही कान पिळला. आणि आमच्या मागे व्हेटो होता. १९८६ मध्ये हेगच्या कोर्टाने निकाराग्वाच्या बाजूने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, आणि तो पाळायला सांगणारा ठराव अमेरिकेने सुरक्षा परिषदेत स्वतःच्या व्हेटोने मारला. ते वाचून आपण दात-ओठ खातो. यंत्र तेच आहे. फक्त १९६१ मध्ये बटण आपल्या मित्राच्या हातात होतं.

आणि ते बदलानींचं प्रकरण. २०१४ च्या मार्चमध्ये क्रिमियात काय झालं आठवतंय? आधी बिल्ले नसलेले सशस्त्र लोक आले, रशिया म्हणाला की आमचा संबंध नाही. मग तिथल्या संसदेने स्वातंत्र्याचा ठराव केला, त्यात हेगच्या कोर्टाने २०१० मध्ये कोसोव्होवर दिलेल्या मताचा हवालासुद्धा दिला. मग मतदान. १७ मार्चला स्वतंत्र देश, १८ मार्चला मॉस्कोत विलीनीकरणाचा करार. एक दिवसाचा देश. आता सांगा, मला हसू कसं येणार?

फरक आहेत, आणि ते लहान नाहीत. क्रिमिया युक्रेनची वसाहत नव्हती. रशियाने १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनच्या सीमा मानायचं लेखी दिलं होतं, आणि युक्रेनने त्या बदल्यात अण्वस्त्रं सोडली होती. भारताने पोर्तुगालला असं काही लिहून दिलं नव्हतं, आणि सिल्वासात भारताचे लष्करी तळही नव्हते. पण हे सगळे फरक न्यायाचे आहेत, आकाराचे नाहीत. आकार सारखाच दिसतो. ज्याला नक्कल करायची आहे त्याला आकार पुरतो. क्रिमियाच्या ठरावावर १०० देश विरोधात उभे राहिले, ५८ तटस्थ. भारत तेव्हाही तटस्थच.

हे सगळं मी त्या खारकीवच्या मित्राला सांगितलं. लगेच नाही, वर्षभराने, तो पोलंडला गेल्यावर. मला वाटलं तो चिडेल. त्याने टेस्टरसारखा एकच प्रश्न विचारला. "गोव्याच्या लोकांना कोणी विचारलं का?"

मी म्हटलं, हो, १६ जानेवारी १९६७ ला. आणि मग खरं ते सांगावं लागलं की त्यांना विचारलं ते महाराष्ट्रात यायचं का एवढंच. एक लाख अडतीस हजार हो म्हणाले, एक लाख बहात्तर हजार नाही म्हणाले, आणि आम्ही मराठी लोकांनी नाक मुरडून का होईना ते मानलं. भारतात यायचं का हा प्रश्न कागदावर कधीच छापला गेला नाही. तो म्हणाला, "म्हणजे दुसरा प्रश्न विचारलात." मी म्हटलं, हो. बहुतेकांचं उत्तर काय आलं असतं याबद्दल मला शंका नाही, पण विचारला नाही हे खरं.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. पोर्तुगालमध्ये १९७४ ला क्रांती झाली, नवं सरकार आलं आणि ३१ डिसेंबर १९७४ ला त्यांनी गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे आहेत हे तहाने मान्य केलं. पण जे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात किंवा दमण-दीवमध्ये जन्मले त्यांचं पोर्तुगीज नागरिकत्व पोर्तुगालच्या कायद्याने पुसलं नाही. त्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना आजही मागता येतं. आमच्या कंपनीत दमणचा एक मुलगा आहे, डेटाबेस बघतो. त्याच्या आजोबांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज भाषेत, हाताने लिहिलेली, कडा वाळवीने खाल्लेली. त्याने ती लॅमिनेट केली होती, मग कोणीतरी सांगितलं की लॅमिनेट केलेलं लिस्बनला चालत नाही, म्हणून आता दमणच्या ऑफिसातून नवी नक्कल काढायला चार शनिवार झाले खेपा घालतोय. आमच्या सिल्वासाच्या ट्रिपला तो त्यामुळेच आला नाही.